पार्तेनियाचे बिशप: नामधारी धर्मप्रांतांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या सहायक बिशपांची नेमणूक जाहीर झाली की अभिनंदनाच्या मेसेजांमागोमाग एक प्रश्न हमखास येतो: "नेमणूक आपल्याकडची, मग त्यांच्या नावापुढे हे अल्जीरियातलं की इजिप्तमधलं गाव कुठून आलं?" मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात, लग्नाच्या पंगतीत, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढावीशी वाटली. उदाहरण म्हणून मुद्दाम एकच जागा धरली आहे, उत्तर आफ्रिकेतलं पार्तेनिया. अधूनमधून गोवा आणि मुंबईही येईल, कारण या विषयाशी आपलं नातं फार जुनं आहे.

नामधारी धर्मप्रांत म्हणजे नेमकं काय?

जिथे एके काळी खरोखर बिशप होता, त्याचं कॅथेड्रल होतं, माणसं होती, आणि आज यातलं काहीच उरलेलं नाही, अशा जागेचं नाव रोम आपल्या यादीतून खोडत नाही. ते नाव पुढे अशा बिशपांना दिलं जातं ज्यांच्याकडे स्वतःचा धर्मप्रांत नाही. यात सहायक बिशप येतात, पोपचे राजदूत येतात, व्हॅटिकनच्या कचेऱ्यांत काम करणारे बिशपही येतात. १९८३च्या कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, ३७६वं कलम ही विभागणी एका वाक्यात उरकतं: ज्याच्यावर धर्मप्रांताची जबाबदारी आहे तो धर्मप्रांतीय बिशप, बाकीचे नामधारी. अशा जागांची यादी 'अन्नुआरिओ पोन्तिफिचिओ' या व्हॅटिकनच्या जाडजूड लाल वार्षिक ग्रंथात असते आणि ती दोन हजारांच्या घरात जाते.

आपल्या महसूल दप्तरात यासाठी एक नेमका शब्द आहे: बेचिराग गाव. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात आता एकही दिवा लागत नाही ते बेचिराग. माणसं दुष्काळात, पटकीच्या साथीत किंवा आणखी कशाने निघून गेली, घरं पडली, पण गावाची शीव आहे, नकाशावर जागा आहे, तलाठ्याच्या दप्तरात नाव आहे. नामधारी धर्मप्रांत म्हणजे चर्चच्या दप्तरातलं बेचिराग गाव. फरक एवढाच की चर्च त्या गावाला आजही पाटील नेमतं.

लोक नाहीत, चर्च नाही, मग नाव तरी कशाला द्यायचं?

कारण नुसता बिशप असा कुणी असूच शकत नाही, ही चर्चची फार जुनी समजूत आहे. बिशप हा कुणाचा तरी असावा लागतो. बाप म्हणवून घ्यायचं तर लेकरं हवीत, तसंच हे. इसवी सन ४५१मध्ये काल्सेदोन इथे भरलेल्या महासभेने आपल्या सहाव्या नियमात हे स्पष्ट लिहून ठेवलं: कुणालाही मोघम, कुठल्याही मंडळीशी न जोडता दीक्षा देऊ नये. शहरातलं किंवा गावातलं चर्च, हुतात्म्याची समाधी, मठ, काहीतरी ठरलेली जागा हवी.

पुढे अशी वेळ आली की बिशपांची गरज होती, पण त्यांना द्यायला धर्मप्रांत नव्हता. मोठ्या शहराच्या बिशपाला मदतनीस हवा, दूरच्या देशात पोपचा प्रतिनिधी हवा. तेव्हा नियम न मोडता वाट काढली ती ही: जिवंत मंडळी देता येत नसेल तर जी होऊन गेली ती द्यायची.

याला कायद्यातली पळवाट म्हणणारे धर्मपंडित कॅथलिक चर्चमध्येच आहेत आणि त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणसांशिवाय बिशप नको म्हणून नियम केला आणि मग माणसं नसलेली गावं वाटली, हे त्यांना पटत नाही. मला मात्र या प्रथेत दुसरंच काही दिसतं. जी मंडळी पुसली गेली, ज्यांचे वंशज आज स्वतःला ख्रिस्ती म्हणत नाहीत, त्यांचं नाव वर्षानुवर्षं कुणीतरी घेत राहतं. त्यासाठी एवढी पळवाट मला चालते.

पार्तेनिया कुठे आहे?

रोमन काळातल्या मॉरेतानिया सितिफेन्सिस या प्रांतात, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या सेतीफ शहराच्या आसपासच्या पठारी मुलखात. नेमकी जागा अभ्यासकांना निश्चित करता आलेली नाही. "हेच ते पार्तेनिया" असं सांगणारा शिलालेख नाही, पडकं चर्चही नाही.

गाव होतं हे कळतं ते एका माणसामुळे. त्याचं नाव रोगातुस. इसवी सन ४८४मध्ये उत्तर आफ्रिकेवर तेव्हा राज्य करणाऱ्या व्हँडल या जर्मन टोळीचा राजा हुनेरिक याने कॅथलिक बिशपांना आजच्या ट्युनिशियातल्या कार्थेजला बोलावून घेतलं. व्हँडल एरियन पंथाचे, म्हणजे ख्रिस्त पित्याच्या बरोबरीचा देव आहे हे न मानणारे, आणि राजाला सगळ्यांना त्याच पंथात आणायचं होतं. चर्चा हे निमित्त होतं. जे बधले नाहीत त्यांना हद्दपार केलं गेलं. काहींना कोर्सिका बेटावर राजाच्या जहाजांसाठी लाकूड तोडायला पाठवलं, तर काहींना आफ्रिकेतच आडबाजूला शेतमजूर करून टाकलं. बोलावलेल्या बिशपांची प्रांतवार यादी आजही उपलब्ध आहे आणि तिच्यात सितिफेन्सिस प्रांताखाली नोंद आहे: पार्तेनियाचा रोगातुस.

पार्तेनियाचा सगळा लेखी इतिहास एवढाच. ज्या यादीने गावाला इतिहासात जागा दिली, ती तिथल्या बिशपाला घालवून देण्यासाठी केलेली होती. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुढचं पान उलटायला मला वेळ लागला.

एवढ्याशा गावाला स्वतंत्र बिशप कसा?

आपल्या डोळ्यांसमोर धर्मप्रांत म्हणजे दोन-चार जिल्ह्यांचा पसारा असतो, म्हणून हे विचित्र वाटतं. चौथ्या-पाचव्या शतकातल्या उत्तर आफ्रिकेत आजच्या एखाद्या धर्मग्रामाएवढ्या वस्तीलाही बिशप असे. बिशप म्हणजे गावातला ओळखीचा माणूस. लोक त्याच्याकडे कर्जाची, वाटणीची, जमिनीच्या बांधाची भांडणं घेऊन जात. आजच्या अल्जीरियातल्याच हिप्पो शहराचे बिशप संत ऑगस्टीन यांनी तर तक्रारच केली आहे की असल्या निवाड्यांतच त्यांचा दिवस जातो.

दुसरं कारण म्हणजे फूट. रोमन छळाच्या काळात ज्यांनी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले, त्यांच्या हातून मिळालेले संस्कार खरे मानायचे का, या वादातून डोनाटिस्ट पंथ वेगळा झाला. मग गावोगाव दोन चर्च, दोन बिशप. ४११मध्ये कार्थेजला दोन्ही बाजू समोरासमोर बसवण्यात आल्या तेव्हा मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप हजर होते. आजच्या नामधारी यादीत अल्जीरिया आणि ट्युनिशियातली नावं इतकी का भरली आहेत, याचं उत्तर त्या गर्दीत आहे.

मग हे सगळं संपलं कसं? एका रात्रीत?

नाही. "मुसलमान आले आणि चर्च संपलं" असं एका वाक्यात सांगणारे पुष्कळ भेटतात, पण ते खरं नाही.

४२९मध्ये व्हँडल जिब्राल्टर ओलांडून आले. त्यांनी हिप्पोला वेढा घातलेला असतानाच २८ ऑगस्ट ४३० रोजी ऑगस्टीन वारले. पुढचं शतक व्हँडलांचं. ५३३मध्ये बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, फौजांनी मुलूख परत जिंकला, चर्च पुन्हा उभी राहिली, पण देश खिळखिळा झालेला होता. ६९८मध्ये कार्थेज अरबांच्या हाती गेलं. त्यानंतरही ख्रिस्ती वस्ती शेकडो वर्षं टिकून होती, फक्त दरवर्षी थोडी थोडी आटत गेली. विहिरीचं पाणी जसं उन्हाळ्यात हातहात खाली जातं तसं. कुणी समुद्रापार निघून गेलं, कुणी धर्म बदलला, बिशप वारला तर दुसरा नेमायला माणूस मिळेना. १०५३मध्ये पोप नववे लिओ एका पत्रात हळहळले आहेत की जिथे एके काळी शेकडो बिशप होते, त्या आफ्रिकेत आता जेमतेम पाच उरले.

आणि १०७६चं पत्र तर प्रत्येकाला माहीत असायला हवं. त्या वर्षी पोप सातवे ग्रेगरी यांनी अन्-नासिर या मुस्लिम राजाला पत्र लिहिलं. या राजाने आपल्या राज्यातल्या ख्रिस्ती प्रजेसाठी सर्वांदुस नावाच्या धर्मगुरूला बिशप करावं अशी विनंती रोमला केली होती, शिवाय काही ख्रिस्ती कैदी सोडून दिले होते. पोपने उत्तरात लिहिलं की तुम्ही आणि आम्ही एकाच देवाला मानतो, रीत वेगळी असली तरी. पत्राच्या मायन्यात राजाला कुठल्या मुलखाचा राजा म्हटलं आहे? मॉरेतानिया सितिफेन्सिसचा. म्हणजे पार्तेनियाच्याच प्रांताचा. तिथल्या उरल्यासुरल्या ख्रिस्ती माणसांना बिशप मिळावा म्हणून शब्द टाकणारा मुस्लिम राजा होता. १९६५मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने इतर धर्मांविषयीचा 'नोस्त्रा एताते' हा जाहीरनामा काढला, त्याच्या तळटीपेत याच पत्राचा हवाला आहे.

ही प्रथा मुळात सुरू कशी झाली?

बिशप परागंदा झाले तेव्हा ते नाव सोबत घेऊन गेले. क्रूसेडांच्या, म्हणजे युरोपीय धर्मयुद्धांच्या, काळात सीरिया आणि पॅलेस्टाइनमध्ये लॅटिन, म्हणजे रोमच्या रीतीचे, बिशप नेमले गेले होते. १२९१मध्ये त्यांचं मोठं ठाणं अक्को पडलं आणि त्यांना युरोपात परतावं लागलं. आज ना उद्या परत जाऊ या आशेवर त्यांच्या मृत्यूनंतरही त्याच जागांवर नवे बिशप नेमले जात राहिले. परत जाणं झालं नाही, नेमणुकीची रीत मात्र राहिली.

आपल्याकडे आडनावांचं काही वेगळं होत नाही. गोव्यात सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव १९८०च्या दशकात साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. गाव बुडालं, कुर्डीकर हे नाव राहिलं. मे महिन्यात पाणी उतरतं, भेगाळलेल्या चिखलातून घरांचे चौथरे वर येतात, आणि जुने रहिवासी पोराबाळांना घेऊन तिथे जमतात. हिंदू सोमेश्वराचा उत्सव करतात, ख्रिस्ती आपल्या चॅपेलचं फेस्त. आजोबा नातवाला हात करून दाखवतात, इथे आपलं अंगण होतं. नामधारी धर्मप्रांताचा अर्थ मला कुठल्याही ग्रंथापेक्षा या आजोबांकडून जास्त कळतो.

"इन पार्तिबुस इन्फिदेलियुम" असंही वाचलं आहे. ते काय?

या बिशपांचं जुनं लॅटिन बिरुद. अर्थ, अश्रद्धांच्या मुलखातले. १८८२मध्ये तेराव्या लिओच्या काळात ते बंद करून 'नामधारी' असा साधा शब्द घेतला गेला. ज्या जागांची नावं वापरायची त्यातल्या कित्येक ठिकाणी, विशेषतः ग्रीसमध्ये, ख्रिस्ती लोकच राहत होते, त्यांना अश्रद्ध म्हणणं अपमानाचं होतं.

१९९५मध्ये पार्तेनिया एकदम बातम्यांत कसं आलं?

झाक गायो यांच्यामुळे. जन्म १९३५चा, फ्रान्समधल्या सेंत-दिझिए गावी. तरुणपणी सक्तीच्या लष्करी सेवेत ते अल्जीरियात होते, ऐन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, आणि तिथे पाहिलेल्या हिंसेने त्यांना आयुष्यभरासाठी अहिंसेकडे वळवलं. १९८२मध्ये ते नॉर्मंडीतल्या एव्रू धर्मप्रांताचे बिशप झाले. अण्वस्त्रांना विरोध, सैन्यात जायला नकार देणाऱ्यांची पाठराखण, कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांसोबत रस्त्यावर उतरणं, विवाहित पुरुषांना धर्मगुरू करावं असं म्हणणं, एड्सच्या साथीत कंडोमविषयी उघड बोलणं, या सगळ्यामुळे रोमशी त्यांचे खटके उडत राहिले. टीव्हीवर ते सतत दिसत, हेही सहकारी बिशपांपैकी अनेकांना रुचत नव्हतं.

१२ जानेवारी १९९५ रोजी त्यांना रोमला बोलावून घेतलं गेलं. बिशपांच्या नेमणुकांचं खातं तेव्हा कार्डिनल बेर्नार्दं गाँतँ यांच्याकडे होतं. राजीनामा द्या, म्हणजे एव्रूचे निवृत्त बिशप म्हणून राहाल, असा पर्याय पुढे आला. गायो यांनी नकार दिला. दुसऱ्या दिवशी जाहीर झालं की एव्रूची जागा रिक्त आहे आणि झाक गायो यांची बदली पार्तेनियाला झाली आहे.

२२ जानेवारीला एव्रूमध्ये त्यांची निरोपाची मिस्सा झाली. कॅथेड्रल भरून बाहेरच्या रस्त्यांवर हजारो माणसं थंडीत उभी होती. त्यातले कित्येकजण एरवी चर्चच्या पायरीला न लागणारे होते.

ही शिक्षाच होती ना?

रोमच्या बाजूने पाहिलं तर होती, आणि तसं म्हणायला संकोच नको. तरी रोमची अडचणही समजून घेण्यासारखी आहे. बिशपाचा बिशपपणा काढून घेता येत नाही, कारण दीक्षा एकदा झाली की कायमची. धर्मप्रांत काढून घेता येतो. पण बिशप कुणाचा तरी असावा लागतो, म्हणून दुसरा द्यावा लागतो. जो दिला त्यात माणूस नव्हता.

पुढे जे घडलं त्यामुळेच मी पार्तेनिया निवडलं. पॅरिसमध्ये रू द्यू ड्रॅगॉन या रस्त्यावरच्या एका रिकाम्या इमारतीत बेघर कुटुंबांनी आसरा घेतला होता. गायो त्यांच्यात राहायला गेले आणि सुमारे वर्षभर तिथेच राहिले. मग १९९६मध्ये त्यांनी इंटरनेटवर 'पार्तेनिया' नावाची वेबसाइट सुरू केली. घरोघरी इंटरनेट पोचलेलंही नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. त्यांचं म्हणणं असं की ज्या धर्मप्रांताला शीव नाही तो ज्यांना कुठेच जागा नाही अशा सगळ्यांचा. बेघर, तुरुंगातले, परवाने नसलेले, चर्चने दुखावलेले, कुणीही लिहावं. आणि जगभरातून लोक अनेक भाषांत लिहू लागले. रोगातुस गेल्यानंतर पंधराशे वर्षांनी पार्तेनियाला माणसं मिळाली.

गायो यांचं प्रत्येक मत मला पटतं असं नाही. पण हातात ठेवलेल्या रिकाम्या नावाचं त्यांनी घर केलं, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी नितांत आदर आहे. १ सप्टेंबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना व्हॅटिकनमध्ये भेटायला बोलावलं. १२ एप्रिल २०२३ रोजी पॅरिसमध्ये गायो यांचं निधन झालं, पार्तेनियाचे बिशप म्हणूनच.

म्हणजे नामधारी धर्मप्रांत मिळणं कमीपणाचं असतं का?

मुळीच नाही. बहुतेकांच्या बाबतीत ती नेमणुकीची नेहमीची पद्धत आहे. करोल वोयतिवा १९५८मध्ये क्राकूवचे सहायक बिशप झाले तेव्हा इजिप्तमधल्या ओम्बीचे नामधारी बिशप होते. नाईलच्या काठचं कोम ओम्बोचं देऊळ पाहून आलेल्यांना ते गाव आठवेल. हेच पुढे पोप दुसरे जॉन पॉल. होर्हे बेर्गोलियो, म्हणजे पोप फ्रान्सिस, १९९२मध्ये स्पेनमधल्या औकाचे होते. अँजेलो रोंकाल्ली, म्हणजे पोप तेविसावे जॉन, जवळपास दहा वर्षं बल्गेरियात काढून १९३४मध्ये तुर्कस्तानला निघाले तेव्हा त्यांना नवं नाव मिळालं ते बल्गेरियाच्याच किनाऱ्यावरच्या मेसेंब्रियाचं. आणि सध्याचे पोप चौदावे लिओ २०१४मध्ये पेरूत नेमले गेले तेव्हा सुफारचे नामधारी बिशप होते. सुफारही अल्जीरियातलंच, आणि लिओ संत ऑगस्टीन यांच्या संघाचे. तो योग जुळलेला पाहून मला मनापासून आनंद झाला होता.

महाराष्ट्र आणि गोव्याचा या सगळ्याशी काय संबंध?

थेट आणि जुना. लॅटिन चर्चचे पहिले भारतीय बिशप मातेउश द कास्त्रो हे नामधारी बिशपच होते. दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यातले. गोव्यातल्या आर्चबिशपांनी त्यांना धर्मगुरू करायला नकार दिला, कारण ते इथल्या मातीतले होते. ते खचले नाहीत, खुश्कीच्या वाटेने रोमला पोचले, तिथे शिकले, धर्मगुरू झाले आणि १६३७मध्ये क्रिसोपोलिसचे बिशप झाले.

पण गोव्याच्या माणसाला क्रिसोपोलिसचं नाव का? इथे राजकारण आहे. भारतात धर्मप्रांतांवर बिशप सुचवण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाला होता, त्यालाच पाद्रोआदो म्हणतात. १६२२मध्ये रोमने धर्मप्रसारासाठी 'प्रोपागांदा फिदे' हे स्वतःचं खातं काढलं. त्याला राजाच्या संमतीवाचून बिशप पाठवायचे होते. भारतात नवा धर्मप्रांत काढला तर राजाचा हक्क आडवा येणार. म्हणून माणसाला बिशप करायचं दूरच्या, बेचिराग धर्मप्रांताचं आणि कामाला पाठवायचं पोपचा प्रतिनिधी म्हणून. मातेउश यांच्याकडे विजापूरच्या आदिलशाहीचा मुलूख सोपवला गेला. डिचोली, बांदा, वेंगुर्ला हा त्यांचा कामाचा पट्टा, पोर्तुगीज हद्दीच्या अगदी उंबऱ्यावर. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांना बिशप मानलंच नाही. आज कुणी क्रिसोपोलिसला पोकळ पदवी म्हटलं तर मला मातेउश आठवतात. इथल्या माणसाला बिशप होण्याची दुसरी वाटच तेव्हा उघडी नव्हती.

मुंबईतही असे बिशप होते?

१८८६मध्ये मुंबई आर्चडायोसिस, म्हणजे आर्चबिशपांचा धर्मप्रांत, झाली. त्याआधी रोमने पाठवलेले मुंबईचे सगळे बिशप नावाने दुसरीकडचेच. मुंबईत पाद्रोआदो आणि प्रोपागांदा यांचं भांडण इतकं विकोपाला गेलं की १७९४मध्ये चर्चची चक्क वाटणी झाली. दादरचं साल्व्हेशन आणि माझगावचं ग्लोरिया पाद्रोआदोकडे, एस्पेरान्सा आणि माहीमचं सेंट मायकल प्रोपागांदाकडे.

१८५३मध्ये माहीमचं चर्च पाद्रोआदोच्या ताब्यात जाणार असं दिसताच बिशप अनास्तासियुस हार्टमन आपल्या माणसांसह आत जाऊन बसले आणि दारं लावून घेतली. बाहेर विरोधकांचा वेढा, आत बिशप, असे कित्येक दिवस गेले. आज बुधवारच्या नोव्हेनाला रांगेत उभं राहताना त्या दारांकडे जरा पाहा. हे हार्टमन कुठले बिशप होते? देर्बेचे. तुर्कस्तानातलं देर्बे, बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातलं. लुस्त्रात दगडांचा मार खाऊन मेल्यागत पडलेला पौल दुसऱ्या दिवशी उठून बर्णबाबरोबर ज्या गावाला गेला तेच हे.

पुढच्या काळातले लिओ मरीन हे आस्कालोनचे होते. विसाव्या शतकात १९४६मध्ये सहायक बिशप झालेले व्हॅलेरियन ग्रेशियस हे थेन्नेससचे, म्हणजे इजिप्तमध्ये मंझाला सरोवरातल्या बेटावर एके काळी नांदणाऱ्या तिन्नीस शहराचे. मुंबईची गादी भारतीय माणसाकडे जावी म्हणून आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स १९५०मध्ये बाजूला झाले तेव्हा त्यांना क्रिमियातलं सुग्दिया मिळालं, आणि ग्रेशियस मुंबईचे आर्चबिशप आणि १९५३मध्ये भारताचे पहिले कार्डिनल झाले.

निवृत्त बिशपांना आजही असं नाव मिळतं का?

१९७०पासून नाही. आता ते आपल्याच धर्मप्रांताचे निवृत्त बिशप म्हणवले जातात. सहाधिकारी बिशपांनाही, म्हणजे जे पुढे गादीवर बसणार आहेत त्यांना, वेगळ्या नावाची गरज उरलेली नाही.

गोव्याच्या आर्चबिशपांच्या बिरुदांत 'क्रांगानोर' दिसतं. तेही यातलंच?

त्याच जातीचं, पण घरचं. क्रांगानोर म्हणजे केरळातलं कोडुंगल्लूर. तिथे पोर्तुगीज काळात आर्चडायोसिस होती. १८८६च्या फेररचनेत ती संपली, तिचं नाव दमणच्या नव्या बिशपांना मानाने जोडलं गेलं आणि १९२८मध्ये दमण गोव्यात विलीन झालं तेव्हा ते गोव्याकडे आलं. भारतातला एक धर्मप्रांत असा दुसऱ्याच्या नावात जगतो आहे.

नामधारी बिशपांना त्या जागेवर काही अधिकार असतो का?

नाही. सेतीफचा मुलूख आज कॉन्स्तांतीन-हिप्पो या जिवंत धर्मप्रांतात येतो. पार्तेनियाचे बिशप तिथे गेले तर पाहुणे म्हणून जातील आणि यजमानांच्या परवानगीने मिस्सा अर्पण करतील.

बेचिराग धर्मप्रांत पुन्हा वसतो का?

कधीकधी. कार्थेजचंच पाहा. शतकानुशतकं नामधारी असलेलं कार्थेज १८८४मध्ये फ्रेंच अमलाखाली पुन्हा खरीखुरी आर्चडायोसिस झालं. ट्युनिशिया स्वतंत्र झाल्यावर युरोपीय ख्रिस्ती वस्ती निघून गेली, १९६४मध्ये सरकार आणि व्हॅटिकन यांच्यात करार झाला, बहुतेक चर्च सरकारच्या ताब्यात गेली आणि कार्थेज परत नामधारी यादीत आलं. परक्या सत्तेच्या आधाराने वसलेलं ती सत्ता जाताच ओसाड झालं, याची खंत आणि समज दोन्ही हवी.

पार्तेनिया पाहायला जाता येईल का?

पार्तेनिया नाही, पण शेजार पाहता येतो. सेतीफपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर डोंगराच्या सोंडेवर जमीला आहे, रोमन काळातलं क्विकुल. १९८२पासून युनेस्कोच्या यादीत असलेलं. क्विकुलही नामधारीच. गावाच्या दक्षिण टोकाला ख्रिस्ती वस्तीचे अवशेष आहेत. तिथली बाप्तिस्म्याची इमारत गोल आहे. आत भिंतीला लागून गोल फिरणारी वाट, तिच्यात बसायला कोनाडे, पायाखाली मोझाइक आणि मधोमध चार खांबांच्या छत्राखाली कुंड. बाप्तिस्मा घेणारी माणसं कोनाड्यात आपली पाळी येईपर्यंत थांबत आणि मग एकेक करून पाण्यात उतरत. जवळच्या बॅसिलिकेच्या फरशीवर रंगीत खड्यांनी त्यांच्या बिशपाचं नाव घडवलेलं होतं: क्रेस्कोनियुस. रोगातुसच्या वाट्याला तेवढंही आलं नाही, पण पार्तेनियात असंच एखादं कुंड असणार, त्याच पठारावरच्या गव्हाच्या शेतांखाली कुठेतरी.